आज काय आलंय? रत्नागिरी ते तेरेखोल, सहा दिवस

पहिला दिवस

आत्याला कोकणात न्यायचं दोन वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं. ती मूळची वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतली. लग्न होऊन गिरगावात आली ती तिथलीच झाली, आणि आता सत्तरीला टेकलीय. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अखेर जमलं. मी, नवरा आणि आत्या. अट तिची एकच होती: "देवळं दोन कमी दाखवलीस तरी चालेल, पण जेवायला मी सांगेन तिथेच जायचं."

सकाळी सातच्या सुमाराची मांडवी एक्सप्रेस पकडली. या गाडीतल्या खाण्याचं कौतुक मी कॉलेजपासून ऐकत आले आहे आणि ते खरं आहे. पनवेल सोडलं की डब्यात जी ये-जा सुरू होते ती थांबतच नाही. ऑम्लेट-पाव, कटलेट, कागदी पेल्यात सूप, मग गुलाबजाम. ऑम्लेट गरम होतं आणि मिरची घालताना हात आखडला नव्हता. आत्या खिडकीशी बसून नद्या मोजत होती. तिच्या लहानपणी वेंगुर्ल्याला जायचं म्हणजे बोट, नाहीतर एसटीत रात्रभर हाडं खिळखिळी करून घेणं. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली ती 1998 साली, तोवर तिची आई गेली होती. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. त्या अंधारात ती एवढंच म्हणाली, "आईला हे दाखवायला हवं होतं."

संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर वारा खाल्ला, भेळ खाल्ली. तिथपर्यंत सगळं छान. रात्री मात्र आम्ही चुकलो. समुद्राच्या रस्त्यावर मोठं, दिव्यांनी उजळलेलं एक रेस्टॉरंट दिसलं आणि नवऱ्याने गाडी तिथेच थांबवायला सांगितली. प्लास्टिकचं आवरण घातलेलं मेनूकार्ड, त्यात अठरा प्रकारचे मासे. आत्याने वेटरला विचारलं, "आज काय आलंय?" तो म्हणाला, "सगळं आहे, आजी." आत्या लगेच उठायला लागली. आम्हीच तिला बसवलं, दमलो होतो.

सुरमईची तुकडी आली ती तिखटाच्या जाड पुटाखाली. आत कापसासारखी कोरडी, बर्फात किती दिवस काढलेत ते पहिल्या घासाला कळावं अशी. सोलकढी तर गडद गुलाबी, सरबतासारखी. कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, घातलेली सोलकढी अशी नसते. नारळाच्या दुधात कोकमाचा रंग फिका, किंचित जांभळट होतो, जिभेला आधी खारट आणि मग आंबट लागतं, आणि थोडा वेळ ठेवली की दूध वर येऊन थर धरतं. ही ग्लासात तासभर ठेवली असती तरी तशीच राहिली असती. तिघांचं बिल एकोणीसशे. वाटेत आत्या म्हणाली, "सगळं आहे म्हणतो ना, त्याच्याकडे आजचं काही नसतं."

पुढच्या पाच दिवसांचा नियम तिथेच ठरला. दारात उभं राहून विचारायचं, "आज काय आलंय?" समोरचा 'सगळं' म्हणाला की नमस्कार करून निघायचं. एखादी गोष्ट नाही म्हणाला की बसायचं.

दुसरा दिवस

पहाटे आत्या मला उठवून मिरकरवाडा बंदरावर घेऊन गेली. होड्या लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या, लिलावाची बोली इतकी भरभर की मला आकडेच कळेनात. घ्यायचं काहीच नव्हतं, तरी तिने एका टोपलीतला बांगडा उचलला आणि मला शिकवलं. कल्ला उघडून बघायचा, आत ताजं लाल हवं. तपकिरी झालं की तो कालचा. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, खाली बसलेला नको. पोटावर बोट दाबायचं, खड्डा तसाच राहिला तर ठेवून द्यायचा. टोपलीवाली बघत होती. म्हणाली, "घ्यायचा नाय ना मावशी? नुसता बघताव?" आत्याने प्रामाणिकपणे नाही सांगितलं, तर ती हसली आणि बसायला क्रेट पुढे केलं.

गाडी भाड्याने घेऊन सागरी रस्त्याने निघालो. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड. हायवेने गेलं असतं तर वेळ वाचला असता, पण हायवेवरच्या ढाब्यात पनीर खायला कोकणात कशाला यायचं?

दुपारचं जेवण आडिवऱ्याला, महाकालीच्या देवळापासून जवळच्या एका घरात. नाव, पाटी काही नाही. आदल्या दिवशी फोन केला होता तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "अकरापर्यंत किती पानं ते कळवा, नंतर सांगितलंत तर भात नाही." आम्ही पोचलो तेव्हा तीनच पानं मांडलेली होती. कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची भाजी, वर ओलं खोबरं आणि मोहरीची फोडणी. कुळथाचं पिठलं. कैरीची आंबट-गोड डाळ. गरम भात, त्यावर घरचं तूप. मासे नव्हते आणि आम्हाला आठवणही झाली नाही. फणसाची भाजी मी आजवर डझनभर ठिकाणी खाल्ली असेन; ही अशी होती की रेषा सुटी आणि तरी दाताखाली मऊ. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, कुयरी उकडून झाली की चिरायची नाही, ठेचायची. नवऱ्याने तिसऱ्यांदा मागितली तेव्हा त्या संकोचल्या. "संपली हो. तिघांचीच केली होती." पैसे माणशी दीडशे.

देवगडला हापूसची पेटी बघितली, भाव ऐकून डझनभरच घेतले. रात्री उशिरा मालवण. पेज मागितली, मिळाली, झोपलो.

तिसरा दिवस

मालवणबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण इथे चांगलं खाणंही भरपूर आहे आणि फसायची सोयही तेवढीच.

सकाळी घावणे. बाजाराच्या मागच्या गल्लीत सकाळपुरतं चालणारं एक हॉटेल, चार बाकडी. बिडाचा तवा, त्यावर नारळाच्या शेंडीने तेल फिरवायचं, तांदळाचं पातळ पीठ वाटीने लांबून ओतायचं. चर्र आवाज झाला पाहिजे आणि जाळी पडली पाहिजे. झाकण अर्धा मिनिट, की उलथन्याने कडा सुटते. उलटायचं नाही. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ, ज्याला इथे सांबार म्हणतात: भाजल्या खोबऱ्याचं वाटप, गरम मसाला, रंग जवळजवळ काळा. पांढरंशुभ्र घावण आणि ती काळी उसळ ताटात बघूनच बरं वाटतं. आत्याने पाच खाल्ली. साडेनऊला पीठ संपलं आणि तवा उतरवला. आमच्यामागे आलेल्या पुण्याच्या चौघांना मालकीणबाईंनी "उद्या येवा" म्हणून परत पाठवलं.

मग सिंधुदुर्ग किल्ला. 1664 ते 1667 या तीन वर्षांत कुरटे बेटावर उभा राहिला, आणि आजही होडीने जावं लागतं. आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चारी बाजूंना खारं पाणी असताना. उन्हात आम्ही तिथलंच पाणी प्यायलो. त्यानंतर समोर आलेलं थंड कोकम सरबत अमृतासारखं लागलं.

परत आल्यावर दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. अर्धवर्तुळात टाकलेलं लांबच लांब जाळं, दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा, पाय वाळूत रोवून, एका लयीत मागे सरकत. जो दोरीला हात लावतो त्याला वाटा मिळतो, ही जुनी रीत. नवऱ्याने वीसेक मिनिटं ओढली. जाळ्यात थोडे बांगडे, पेडवे, दोन-चार खेकडे. एक म्हातारे रापणकर म्हणाले, आता एवढंच येतं. मोठ्या यांत्रिक पर्ससीन जाळ्यांनी किनाऱ्याजवळचे थवेच्या थवे उचलले जातात, हे इथलं जुनं दुखणं. 2016 साली सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, पण रापणीवरची माणसं अजून त्याच विषयावर तळमळून बोलतात. मला वाटतं, मालवणी थाळीचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने एकदा ही दोरी ओढून बघावी. नवऱ्याला वाटा म्हणून चार पेडवे मिळाले. तो ते हातात धरून पोरासारखा उभा होता.

ते पेडवे घेऊनच आम्ही जेवायला गेलो. मालवणात 'चैतन्य'चं नाव सगळे सांगतात आणि मागच्या खेपेला मी तिथे पोटभर जेवले होते, पण आज बाहेर रांग होती. म्हणून आत्याने एका रिक्षावाल्याला विचारलं, "तू खंय जेवतस?" त्याने देऊळवाड्याकडची एक खानावळ दाखवली. घराची पडवी, सहा टेबलं. आत्याचा ठरलेला प्रश्न. खानावळवाल्या वहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या, "आज सुरमय नाय हा. बांगडे आसत, सकाळचे. चलात काय?"

आत्या पटकन बसली.

पेडवे वहिनींच्या हातात दिले तर त्यांनी ते आमच्यासमोर साफ करून, हळद-मीठ-कोकम लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तळून आणले. त्याचे पैसे घेतले नाहीत. आणि मग आलं बांगड्याचं तिखलं. मी आजवर जे खात आले ते बहुधा बांगड्याचं कालवण होतं, हे तिखलं. खोबरं अगदी कमी, लाल मिरचीचं दाट वाटण, कोकमं, आणि वर तिरफळं. तिरफळ वाटायचं नसतं, नुसतं ठेचून घालायचं, नाहीतर कडू होतं. आतली काळी बी काढून टाकायची. ते जिभेवर आलं की आधी लिंबाच्या सालीसारखा वास, मग जिभेला बारीक मुंग्या. बांगड्याचा उग्रपणा त्याने असा बसतो की मासा गोडसर लागायला लागतो. उकड्या तांदळाच्या भातावर ते तिखलं घेऊन मी किती जेवले ते सांगत नाही. आत्या बोलत नव्हती. मधेच मान वर करून तिने वहिनींना विचारलं, "तुमचा माहेर खंयचा?" वहिनींनी वेंगुर्ल्याकडचं एक गाव सांगितलं आणि पुढचा अर्धा तास आम्हा दोघांना कोणी विचारलं नाही.

मी वहिनींना विचारलं, पावसात काय करता? जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या म्हणाल्या, "सुको बांगडो, सुकट, गोलमो. पावसात येवा, तुमका सुक्याचा घालतय जेवान." बर्फातला मासा आणून का नाही ठेवत, असंही विचारलं. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "तो कोणाक घालतलय?"

बांगडा थाळी दोनशे वीस. रत्नागिरीतल्या त्या एका तुकडीच्या निम्म्यातही बसते.

संध्याकाळी तारकर्लीला गेलो. किनारा सुंदर, पाणी स्वच्छ, पण किनाऱ्यालगतच्या बऱ्याच हॉटेलांत आता मंचुरियन आणि तंदुरी आधी सांगतात, मासे नंतर. त्यात त्यांची चूक किती आणि आम्हा मुंबई-पुण्याच्या माणसांची किती? मुलांसाठी म्हणून आम्हीच मागतो.

रात्री एका परमिट रूममध्ये गेलो. याबद्दल मुद्दाम लिहिते, कारण बायका सहसा लिहीत नाहीत. कोकणातल्या परमिट रूममध्ये खायला उत्तम मिळतं आणि आपण तिथे पाय ठेवत नाही. आम्हाला फॅमिली रूममध्ये बसवलं, पंखा आमच्याकडे फिरवून दिला, आत्याला न मागता लिंबू-सोडा आणला. मी आणि नवऱ्याने थंड बिअर घेतली. सोबत तिसऱ्यांची एकशिपी: शिंपले विळीवर उघडून अर्धी कवची टाकून द्यायची, मांस राहिलेली अर्धी तशीच मसाल्यात शिजवायची. खोबरं भाजलेलं नाही, ओलं. रस शिंपल्यांचाच, खारट, समुद्राचा. एकेक कवच उचलून ओरपायचं. आजूबाजूला ट्रॉलरवरून आलेली माणसं, बँकेतले दोघे, एक शाळामास्तर असावेत. आवाज मोठा नाही, कोणी आमच्याकडे वळून बघितलं नाही. शहरातल्या पबमध्ये कानठळ्या बसेपर्यंत गाणी आणि तळणीतून काढलेले गोठवलेले तुकडे यासाठी मी जे पैसे मोजलेत ते आठवून जीव हळहळला. फक्त स्वच्छतागृह बायकांसाठी वेगळं असावं, एवढं माझं मालकांकडे कळकळीचं मागणं आहे. मी त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, बायका येत नाहीत म्हणून केलं नाही. मी म्हटलं, नाही म्हणून येत नाहीत.

चौथा दिवस

परुळ्यावरून वेंगुर्ल्याला. आत्या गाडीत सरसावून बसली होती. वाडीतलं तिचं घर आता दुसऱ्यांचं, तरी त्यांनी अंगणात खुर्च्या टाकल्या. मागच्या परसात चुलत वहिनी लागतात अशा दोघी ओले काजू सोलत बसल्या होत्या. कोवळ्या बीचा चीक हाताला लागला तर कातडी भाजते, सोलपटते. त्यांनी बोटांना राख चोळली होती, तरी नखांच्या कडा काळ्या पडलेल्या. बी उभी चिरायची, टोकाने गर अलगद काढायचा, गरम पाण्यात टाकून वरची साल सोडवायची. पाव किलो गरासाठी दोघी किती वेळ बसल्या असतील ते बघितल्यावर मुंबईत ओल्या काजूचा भाव ऐकून मी पुन्हा कधी तोंड वाकडं करणार नाही. काजू पोर्तुगीजांनी आणला आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने त्याच्या नव्या जाती काढल्या. 'वेंगुर्ला-4', 'वेंगुर्ला-7' ही नावं इथे घरच्या माणसांसारखी घेतात. दुपारी त्याच काजूची उसळ आमच्या पानात आली. हॉटेलातल्या काजू-करीशी तिचं काही नातं नाही. गर लोण्यासारखा फुटतो आणि मसाला मागे राहून काजूचाच गोडवा कळतो.

रात्री सावंतवाडी. चितारआळीत लाकडी फळं घेतली, मोती तलावाच्या काठाने फिरलो आणि भालेकरांच्या खानावळीत जेवलो. गर्दी होती, थांबलो, गरम वडे आणि कोंबडी सांगितली. ज्यांना घरच्या ओळखी नाहीत त्यांनी डोळे मिटून इथे जावं.

पाचवा दिवस

शिरोड्याला मिठागरांच्या कडेने गेलो. 1930 साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला होता. आत्याचे वडील त्याच्या गोष्टी सांगायचे, ती आज त्याच बांधावर उभी राहिली. नाश्ता उसळ-पाव. गोवा जवळ आल्याची पहिली खूण म्हणजे पाव बदलतो: वरून कडक, आत पोकळ. दुसरी खूण माशाच्या नावात. रत्नागिरीत सुरमई, मालवणात सुरमय, वेंगुर्ल्यापुढे इसवण, आणि तेरेखोल ओलांडली की विसवण.

रेडीवरून तेरेखोलचा किल्ला. नदीच्या आपल्या तीरावर असूनही हा गोव्याचा. 1746 साली पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकरांकडून घेतला तो तसाच राहिला. खाली फेरीबोट. गाडी त्यात चढवून पलीकडे केरीला उतरलो.

आम्हाला उर्राक प्यायचा होता, तोही आत्यासाठी. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या वाफेला निघतो तो उर्राक. तोच पुन्हा भट्टीला लावला की फेणी, जिला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. फेणी वर्षानुवर्षं टिकते. उर्राक मात्र उन्हाळ्यातलाच, काजू संपले की संपला. सुरूच्या बनाजवळ एक जुना बार, कौलारू, दोन टेबलं. आत्याने विचारलं. गल्ल्यावरच्या काकांनी मागे फडताळात बघितलं, मान हलवली. "उर्राक आज ना, सोंपलो. फाल्यां येयात." म्हणजे उद्या या.

मागे एक भरलेली बाटली स्पष्ट दिसत होती. नवऱ्याने बोट दाखवलं. काका म्हणाले, ती गेल्या हंगामाची, गिऱ्हाइकाला देणार नाही.

आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "मग आज इथेच राहू."

सहावा दिवस

रात्री केरीतच खोली मिळाली. परतीची कोकणकन्या सावंतवाडीहून संध्याकाळी होती, म्हणजे सकाळ मोकळी. गाडी चालवायची म्हणून नवरा पिणार नव्हता, आणि परवान्याशिवाय बाटली हद्दीपलीकडे नेता येत नाही. जे काय ते इथेच, आम्ही दोघींनी.

साडेदहाला गेलो तर बार नुकताच उघडत होता. अकराच्या सुमारास स्कूटरवर पुढ्यात प्लास्टिकचा कॅन घेऊन एक मुलगा आला. काकांनी कॅनचं बूच काढलं, थोडा उर्राक तळहातावर घेऊन चोळला, वास घेतला, मग आमच्याकडे बघून मान डोलावली. काचेच्या जाड ग्लासात उर्राक, वर लिम्का, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. काजूच्या बोंडाचा तो घमघमाट आधी नाकात शिरतो. चव हलकी, फळासारखी, मग मिरचीचा चटका. सोबत तळलेल्या बारीक माशांची एक प्लेट.

आत्याने आयुष्यात पहिल्यांदा दारूचा ग्लास हातात घेतला होता. ती प्यायली नाही बराच वेळ. नुसता नाकाशी धरून बसली.

"आमच्या मागल्या परसात बोंडू पडून सडायचे," ती म्हणाली. "वैशाखात सगळ्या वाडीला हाच वास. आई आम्हाला ओरडायची, फ्रॉकला डाग पडतील म्हणून. डाग जायचेच नाहीत."

मग तिने एक घोट घेतला, मिरची बाजूला केली आणि काकांना विचारलं, आज मासे काय आलेत. काका म्हणाले, विसवण नाही.